इमानावरचा टॅक्स

आमच्या धंद्यात जुन्या फायली काही वर्षं सांभाळायच्या आणि मग रद्दीवाल्याला द्यायच्या, असा रिवाज आहे. किश्श्यांना असली मुदत नसते. ते साठतच जातात, आणि रद्दीवाला ते घेतही नाही! त्यातून भिवंडीत टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस म्हणजे सकाळी सूतवाला, दुपारी गोदामवाला, संध्याकाळी ट्रान्स्पोर्टवाला. खाली फरसाणाचं दुकान, मागच्या गल्लीत लूमचा खटखटाट. त्यामुळे सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. लाईट जाऊन लूम थांबले, की एखाद्या शेठजींचा दोन नंबरचा हिशोब अख्ख्या गल्लीला ऐकू जातो!

मी वकील नाही. पण आमच्याकडे टॅक्सचं काम करणारा प्रत्येक माणूस 'वकीलसाहेब'. मी दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं. मित्र जमले की फर्माईश मात्र एकाच क्लायंटच्या किश्श्यांची होते. जवळच्या वडपे गावचे काशिनाथ भोईर, म्हणजे आमचे काशीदादा.

पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वकीलसायेब, इमानावर टॅक्स किती लागतो?"

मी फायलीतून मान वर न करता म्हणालो, "दादा, इमानावर टॅक्स नसतो. टॅक्स सगळा बेइमानीवर!"

माझी असिस्टंट फरझाना टायपिंग थांबवून कौतुकाने बघायला लागली. "सर, पहला क्लायंट देखा, जो ईमान का रिटर्न भरने आया है!"

काशीदादांनी आम्हा दोघांकडे कीव करावी तसं पाहिलं. मग दोन्ही हात पसरून शरीर जरा डावीकडे कलतं केलं आणि तोंडाने घुर्रर्र आवाज काढला. "इमान! उडतो तो!"

विमान! गावाकडे विमानाला 'इमान' म्हणतात हे मला माहीत होतं. पण कुणी ते विकत आणायला निघेल आणि आधी टॅक्सचं विचारायला येईल, हे कसं सुचणार? दादा मुंबईच्या विमानतळावर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. वडप्याच्या जमिनीवर गोदामं झाली, भाडं सुरू झालं, तसे लवकर रिटायर झाले आणि फ्लाइंग क्लबात जाऊन उडवायचं लायसन काढून आले. आता परदेशातून किट मागवायचं, म्हणजे सुट्या भागांचं विमान, आणि आपल्याच गोदामाच्या गाळ्यात जोडायचं.

"जनम गेला लोकांची इमानां बरी करण्यात," ते म्हणाले. "मी खाली, ती वर. मना एकदा माझा इमान, माझ्या हातानं वर न्यायचा हाय. बस."

ते ऐकून मला खरंच भरून आलं. मग मी फी सांगितली.

*

किट आलं बोटीने, मोठ्या मोठ्या लाकडी खोक्यांतून. बंदरावरच्या अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि मूलभूत प्रश्न विचारला, "हे विमान आहे, का विमानाचे पार्ट आहेत?"

विमानाला ड्युटी वेगळी, पार्टना वेगळी, असा घोळ. मी माझ्या परीने कायदा सांगायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि दादांकडे वळले.

दादा म्हणाले, "सायेब, जोडला तर इमान. न्हाय जोडला तर भंगार."

"असं चालत नाही. मला काय ते एक लिहावं लागेल. जोडून दाखवा."

"दाखवतो की," असं म्हणून दादांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि यार्डात इकडेतिकडे नजर टाकली. "जागा बरी हाय. वर पत्रा घालून द्या. चार-पाच वर्सां लागतील. जेवणाचा डबा मी घरून आणीन."

अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सही केली. सहीच्या वर त्यांनी काय लिहिलं, ते अक्षर आजतागायत मला लागलेलं नाही.

*

खोकी वडप्याच्या गाळ्यात आली आणि सुमनवहिनींचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. वहिनी म्हणजे दादांची बायको, आणि गोदामांच्या भाड्याची अर्थमंत्री. शेजारच्या गाळ्यात साबण, पलीकडच्यात मोबाईलची कव्हरं, आणि ह्या एका गाळ्यात नवरा ठोकठोक करत बसलेला! तेवढ्या गाळ्याचं भाडं बंद.

"वकीलसायेब, तुमीच सांगा," त्या मला विचारायच्या. "इमानाचा उपयोग काय? ह्यात भाजी आणता येल? का लग्नाला जाता येल?"

मी म्हणालो, "वहिनी, दादांना हौस आहे."

"हौस सगळ्यांना असते. मना कवा कोनी विचारली?"

मी विषय बदलला. टॅक्सच्या धंद्यात नवरा-बायकोच्या मध्ये पडायला वेगळी फी घ्यावी लागते.

*

काही वर्षांत गाळ्यात पंखांचा आकार दिसायला लागला, आणि बातमी ग्रामपंचायतीत पोचली. गाळ्याची नोंद 'गोदाम'. तिथे वस्तू तयार होतेय म्हणजे झाला कारखाना, आणि कारखान्याची घरपट्टी वेगळी! पाहणी झाली, रजिस्टरात नोंद झाली, 'विमान कारखाना, एक'.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा संघटनेची पोरं झेंडे घेऊन गेटवर हजर. कारखाना आला म्हणजे मोर्चा आलाच! घोषणा सुरू. "स्थानिक भूमिपुत्रांना नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत!"

दादा हातात रिव्हेट मारायची गन घेऊन बाहेर आले. पुढारी म्हणाला, "दादा, आमची एकच मागणी हाय. ऐंशी टक्के भरती गावातली पाहिजे."

"कामगार मी एकटा," दादा म्हणाले. "जन्म वडप्याचा, सातबारा वडप्याचा. भरती शंभर टक्के जाली हाय. अजून काय पाहिजे?"

पुढाऱ्याने विचार केला. रिकाम्या हाताने परत जाणं बरं दिसत नाही. "मग दादा," तो म्हणाला, "कामगारावर अन्याय व्हतो काय?"

दादांच्या मागून वहिनींचा आवाज आला, "व्हतो! मालकावर पण व्हतो! बस खाली, सांगते."

मोर्चा चहा पिऊन गेला.

*

विमानाची नोंदणी दिल्लीच्या ऑफिसात होते, हे मी दादांना शंभरदा सांगितलं होतं. पण दिल्लीचं उत्तर येईना, आणि माणूस वाट बघून कंटाळला की त्याला एजंट आठवतो. दादा मला न विचारता गाड्यांची कामं करणाऱ्या एका एजंटाकडे गेले. चाकं आहेत म्हणजे रस्त्याचा टॅक्स लागत असेल, हा त्यांचा हिशोब.

एजंटाने वही उघडली. "टू-व्हीलर का फोर-व्हीलर?"

दादा प्रामाणिकपणे म्हणाले, "तीन चाकां हायत. फुडं एक, मागं दोन."

"मग रिक्षा बोला ना! परमिट लागेल. बॅज हाय?"

"लायसन हाय."

"मीटर?"

"हायत की! वेगाचा हाय, उंचीचा हाय, तेलाचा हाय, गरमीचा..."

एजंटाने वही मिटली. "दादा, एकापेक्षा जास्त मीटर म्हणजे पॅसेंजरची फसवणूक. असली कामं आपण घेत न्हाय!"

*

शेवटी दिल्लीचा फॉर्म आला. त्यात पहिलाच रकाना 'उत्पादकाचे नाव'. विमान जोडलं दादांनी, म्हणजे उत्पादक दादा. पुढे 'ग्राहकाचे नाव'. घेणारेही दादाच. फरझाना वैतागली. "सर, खुद ही बनाया, खुद को ही बेचा, और खुद ही खरीदा? ये तो भिवंडी में रोज होता है, पर कोई लिखता नहीं!"

त्याच्याही पुढे एक रकाना होता, 'तक्रार असल्यास संपर्क'. दादांचा मोबाईल गाळ्यातल्या आवाजात कधी ऐकू यायचा नाही. म्हणून त्यांनी तिथे वहिनींचा नंबर टाकला. मीही फॉर्म वाचून सही केली. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढून मला हे कळायला नको होतं?

एक दिवस दिल्लीहून वहिनींना फोन. नुसती खात्री करायला. "मैडम, काशिनाथ भोईर के विमान के बारे में कोई शिकायत है?"

"मेराच शिकायत हाय!" वहिनी म्हणाल्या, आणि पुढे मोकळ्याच झाल्या. गाळा अडवून ठेवला. भाडं बुडालं. माणूस जेवायला वेळेवर येत नाही. आला तर अंगाला तेलाचा वास. सणासुदीला घरात नवरा नाही. पलीकडच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आभार मानले आणि कॉम्प्युटरमध्ये टाकलं.

पंधरवड्याने दादांना नोटीस. 'आपल्या उत्पादनाविरुद्ध ग्राहकाची गंभीर तक्रार प्रलंबित आहे. तिचे निराकरण होईपर्यंत नोंदणी करता येणार नाही.'

दादा माझ्यासमोर बसले, आणि मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. कारण दुसराही कागद त्यांच्या खिशात होता. उडवायचं लायसन असलं तरी दर वर्षी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, आणि डॉक्टरांनी डोळ्यांत मोतीबिंदू उतरताना पाहिला होता. 'ह्या खेपेला देतो. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही.' म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपायच्या आत नोंदणी झाली तर उडायचं, नाहीतर विमान दुसऱ्याच कुणी तरी वर न्यायचं आणि दादांनी पुन्हा खालून बघायचं. अख्खा जन्म जे केलं तेच!

"वकीलसायेब, हिला समजवा," ते म्हणाले.

मी दोघांना ऑफिसात समोरासमोर बसवलं. एकीकडे उत्पादक, एकीकडे ग्राहक, आणि मध्ये टेबलावर नोटीस आणि डॉक्टरांचा कागद. नेमकी लाईट गेली, लूम थांबले, आणि मला एवढ्या शांततेत बोलायची सवय नाही.

वहिनी नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "डोळ्यांचा मना कोनी सांगितला न्हाय."

"तू काळजी करशील," दादा म्हणाले.

"मग आता काय करते?"

वहिनींनी नोंदणीला हरकत नसल्याचा कागद मागवला. अट एकच लिहायला सांगितली, विमान बाहेर निघाल्या दिवशी गाळा भाड्याला मोकळा. सही केली आणि उठताना दादांना विचारलं, "किती माणसां बसतात त्याच्यात?"

"दोन," दादा म्हणाले.

"हं," वहिनी म्हणाल्या.

*

नोंदणी झाली! विमानाची अक्षरं मिळाली. ती रंगवायला दादांनी ट्रक रंगवणारा मुन्ना पेंटर बोलावला. दिल्लीचे तपासनीस यायच्या आदल्या दिवशी मुन्नाने काम संपवलं आणि सवयीने दोन-चार गोष्टी पदरच्या घातल्या. नाकावर 'आई एकवीरा प्रसन्न'. अक्षरांच्या आधी 'एमएच ०४', कारण गाडी आपल्या जिल्ह्यातली. आणि शेपटावर पिवळ्या रंगात, झोकदार, 'अंतर ठेवा'!

तपासनीस हिंदी मुलखातले. विमानाभोवती एक फेरी मारून शेपटाशी थांबले. "ये क्या लिखा है?"

दादांनी अर्थ सांगितला.

"किस के लिए?"

"पाखरां के लिए," दादा म्हणाले.

साहेबांनी पेन काढलं, तपासणीच्या कागदावर शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला, "सूचना केवल मराठी में है. हिंदी और अंग्रेजी में भी लिखें."

*

विमान उडवायचं तर धावपट्टी हवी. ती दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणजे पंख काढायचे, ट्रेलरवर चढवायचं आणि हायवेने न्यायचं. भिवंडीतून कुठलाही माल हलवायचा तर ई-वे बिल लागतं. त्यात एक रकाना असतो, माल कशाने जाणार. रस्ता, रेल्वे, विमान का जहाज? फरझाना दिवसाला अशी ढीगभर बिलं काढते. तिने 'माल' ह्या रकान्यात विमान टाकलं आणि पुढच्या रकान्यातही विमानावरच क्लिक केलं. घाईत मीही पाहिलं नाही.

मानकोलीच्या पुढे टॅक्सवाल्यांच्या पथकाने ट्रेलर अडवला. साहेबांनी बिल वाचलं, मागे पाहिलं, पुन्हा बिल वाचलं. "इथे लिहिलंय, माल हवाई मार्गाने चाललाय."

ट्रेलरचा ड्रायव्हर बनारसकडचा, तंबाखू मळत होता. "हाँ साहब. हवाई जहाज है."

"मग रस्त्यावर काय करतंय?"

ड्रायव्हरने तंबाखू तोंडात टाकली. "साहब, अभी छोटा है. उड़ना सीखने जा रहा है."

पथकातला शिपाईसुद्धा हसला. साहेबही हसले. मग दंड लावला.

वडप्याला इकडे वहिनींनी गाळ्याला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं. भाडेकरू तयारच होता. पण पुढचा महिनाभर त्यांनी किल्ली काही त्याला दिली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेलाचा वास जात न्हाय अजून. जाऊ दे, मग बगू."

*

उडवायची परवानगी आली तेव्हा दादांच्या डॉक्टरी सर्टिफिकेटचा शेवटचा आठवडा चालू होता. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीखही ठरलेली. त्यानंतर पुन्हा तपासणी, आणि पास की नापास हे देवाला माहीत.

आम्ही सगळे धावपट्टीवर गेलो. ऊन असं, की फरझानाने फाईल डोक्यावर धरलेली. सुमनवहिनी ठेवणीतली पैठणी नेसून, गजरा माळून आल्या होत्या. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात लोकरीचा स्वेटर!

"भाभी, इतनी गर्मी में स्वेटर?" फरझानाने विचारलं. वहिनींनी नुसतं वर आभाळाकडे पाहिलं.

त्यांनी चाकापुढे नारळ फोडला, पंख्याला हळदकुंकू लावलं, चपला काढून विमानाच्या पायरीपाशी गेल्या. एवढ्यात तपासनीस साहेब मध्ये आले. "मैडम, आप पीछे. पहली उड़ान में सिर्फ पायलट. नियम है."

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादा इंजिनाकडे बघत होते. हा नियम त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि त्यांनी तो घरी सांगितला नव्हता. वहिनी मागे आल्या. स्वेटर त्यांनी नीट घडी घालून डब्यावर ठेवला.

विमान धावलं, जरा अडखळल्यासारखं झालं, आणि उठलं! मी साठ पार केलेला टॅक्सवाला माणूस, पण मी तिथे शिट्टी मारली. फरझाना रडत होती आणि हसत होती. दादांनी धावपट्टीवर एक मोठी फेरी घेतली, मग एक छोटी, मग पुन्हा एक मोठी. खाली यायला तयारच नव्हता माणूस! शेवटी उतरले, थोडे उसळले, थांबले. पंखा थांबला.

त्याच वेळी वहिनींचा फोन वाजला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला. दिल्लीच्या ऑफिसातून एक मुलगा अदबीने बोलत होता. "मैडम, आपकी एक शिकायत हमारे यहाँ दर्ज थी. विमान के बारे में. कागज़ तो आ गया था, पर कंप्यूटर में अब भी खुली है. आप संतुष्ट हैं? शिकायत बंद कर दूँ?"

वहिनींनी समोर पाहिलं. दादा अजून आतच होते. बाजूच्या मोकळ्या सीटवर बांधलेला पट्टा सोडवत होते, आणि तो काही केल्या सुटत नव्हता.

"बंद मत करो, सायब," वहिनी म्हणाल्या. "चालू रखो. मेरा इमान दो सीट का हाय. एक सीट खाली आया."